बाळंतिणीच्या खोलीतले फुकट सल्ले: तुमचे अनुभव लिहा

लेकीला सव्वा महिना होत आला. बघायला येणारं प्रत्येक माणूस एक झबलं आणि एक सल्ला घेऊन येतं. काल शेजारच्या काकूंनी तिच्या टाळूवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघताच आईला विचारलं, "हिची टाळू अजून भरली नाही?" अहो, टाळू भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं! तुमच्याकडे काय काय झालं, लिहा. मला जरा बरं वाटेल.

–––

आमच्याकडे बारशाच्या दिवशी चुलत सासूबाई सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड उगाळून तयार. वर मध. डॉक्टरांनी बजावलेलं, सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नाही आणि मध तर वर्षभर नाहीच, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. मी तसं सांगितलं. "आमची चार पोरं काय मेली का?" यावर काय बोलणार? बाळाला घेऊन आत गेले आणि कडी लावली. नंतर कळलं, नवऱ्याने ती गुटी बोटाने चाटून संपवली आणि म्हणाला, "छान झालीय काकू." हा संसार टिकणार, हे मला त्या दिवशी कळलं.

–––

१९९४ च्या कायद्याने सोनोग्राफीवाल्यांना जे सांगायला बंदी आहे, ते लेडीज डब्यातल्या बायका डोंबिवली ते ठाणे एवढ्यात सांगून मोकळ्या. मला तिघींनी मुलगा सांगितला. मुलगी झाली.

–––

बापाचाही अनुभव घ्या. लंगोट बदलत होतो. मावशी: "अरे, तू कशाला? ती झोपलीय का?"
हो. म्हणूनच.

–––

माझा जरा वेगळा आहे. दोनदा गर्भपात झाला. दुसऱ्या खेपेला दवाखान्यातून घरी येत होतो, हातात फाईल. लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "आता उशीर करू नका हं." नवरा मजल्यांचे आकडे बघत राहिला. आमचा मजला आला, तरी आम्ही दोघंही क्षणभर हललो नाही.

–––

वरचं वाचून काय लिहावं कळेना. तरी एक उलटा अनुभव. चौथ्या दिवशी मालीशवाल्या मावशी न विचारताच म्हणाल्या, "पोराचे डोळे पिवळे दिसतात, आजच दाखवा." कावीळ निघाली, दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवावं लागलं. तेव्हापासून मी सगळ्यांचं ऐकून घेते. करत नाही, ऐकते.

–––

धागा मीच काढलाय, म्हणून सांगते. टाळूवाल्या काकू आत्ता डिंकाचे लाडू घेऊन आल्यात. लाडू उत्तम. सोबत, "बाळंतपणात मोबाईल बघू नये, डोळे जातात." ठेवते.