फेटलिंग खात्यातील बहिरेपण आणि ‘स्वखुशीचा’ राजीनामा

मच्छे_वाचक (प्रश्न):
माझे वडील बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) २६ वर्षे फेटलिंगचे, म्हणजे ओतीव भागांवरचे जादा लोखंड घासून काढण्याचे काम करतात. त्यांचे वय ५४ आहे. अलीकडे त्यांना दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते आणि आम्ही घरचे सगळे ते वयाच्या नावावर खपवत आलो. गेल्या महिन्यात मागून येणाऱ्या फोर्कलिफ्टचा हॉर्न त्यांना ऐकू आला नाही व ते थोडक्यात बचावले. तेव्हापासून व्यवस्थापक त्यांना वारंवार केबिनमध्ये बोलावून ‘आता वय झाले, ऐकूही येत नाही, स्वखुशीने राजीनामा लिहून द्या, ग्रॅच्युइटी धरून दीड लाख देतो’ असे सांगत आहेत. मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १६,९०० रुपये होतात, ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा) वर्गणी कापली जाते आणि कामगार साठेक आहेत. आमच्या नात्यातील एका सरकारी बसचालकाची दृष्टी अधू झाली, तेव्हा त्यांना त्याच पगारावर डेपोत काम मिळाले. तो नियम बाबांना लागू होईल का?

शहापूरचा_निवृत्त:
ताई, राजीनाम्याचा कागद बाबांनी हातातही घेऊ नये. एकदा ‘स्वखुशीने’ लिहून दिले की पुढे दबाव सिद्ध करणे फार जड जाते.

आता दीड लाखाचा हिशेब पाहा. १६,९०० ला महिन्यातील कामाच्या २६ दिवसांनी भागले की रोजचे ६५० रुपये होतात. त्याचे दर वर्षामागे १५ दिवसांचे ९,७५० आणि २६ वर्षांचे २,५३,५०० रुपये. ही नुसती ग्रॅच्युइटी झाली, आणि ती राजीनामा दिला तरी द्यावीच लागते. म्हणजे मालक बाबांचेच पैसे कापून त्यांना उपकाराच्या भाषेत परत देऊ पाहत आहेत.

बसचालकाच्या उदाहरणावर मात्र भिस्त ठेवू नका. नोकरीत असताना अपंगत्व आले तर कामावरून काढायचे नाही, पद कमी करायचे नाही, पर्यायी काम त्याच वेतनश्रेणीत द्यायचे, हे दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २० मध्ये आहे. पण ते बंधन सरकारी आस्थापनांवर आहे. वयाबाबत तर खासगी नोकरीसाठी भेदभावविरोधी असा स्वतंत्र कायदाच आपल्याकडे नाही. संविधानाची कलमे १४ आणि १६ शासनाला बांधतात, फौंड्रीच्या मालकाला नाही. निवृत्तीचे वय नेमणूकपत्रात किंवा स्थायी आदेशात (कारखान्याच्या सेवानियमांत) काय लिहिले आहे, तेवढे तपासा. त्याआधी ‘वय झाले’ या शब्दांना कायद्यात वजन नाही.

खानापूरकर:
वरील उत्तर बरोबर आहे, पण मुळातला प्रश्न कोणी विचारलेलाच नाही: हे बहिरेपण आले कोठून? हातात ग्राइंडर, समोर ओतीव लोखंड, वर पत्र्याचे छप्पर, आणि अशी २६ वर्षे. आपल्याकडे आठ तासांच्या पाळीसाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि फेटलिंग खात्यात ती सहज ओलांडली जाते. सतत गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा हा व्यावसायिक रोगांच्या यादीत आहे. त्यामुळे तुम्ही ज्याला वयाचा दोष समजता, ती कदाचित कामावरची इजा आहे.

ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन कामाचे स्वरूप व वर्षे केसपेपरवर लिहवून घ्या आणि ऑडिओग्राम (ऐकण्याच्या क्षमतेचा आलेख) काढा. व्यावसायिक रोगाचा निर्णय ईएसआयचे विशेष वैद्यकीय मंडळ देते. कायमचे अपंगत्व मान्य झाले, तर कमाईची क्षमता जितकी घटली त्या प्रमाणात दरमहा रक्कम आयुष्यभर मिळते, आणि नोकरी चालू असली तरीही मिळते. फौंड्रीचा समावेश धोकादायक प्रक्रियांत असल्यामुळे कारखान्याने केलेल्या वैद्यकीय तपासण्यांच्या नोंदी पाहण्याचाही बाबांना अधिकार आहे. त्या लेखी मागा. नोंदीच नाहीत असे उत्तर आले, तर तेही लेखी घ्या.

दिव्यांग प्रमाणपत्रासाठी सिव्हिलमध्ये वेगळा अर्ज करावा लागेल. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलची हानी असेल तर ‘कमी ऐकू येणारे’, त्यापुढे ‘बधिर’ अशी वर्गवारी आहे.

होनग्याचा_कारखानदार:
मी स्वतः कामगार ठेवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. हॉर्न न ऐकणारा माणूस फोर्कलिफ्टच्या वाटेवर ठेवणे ही खरोखरच जोखीम आहे आणि ती नाकारून वाद जिंकता येणार नाही. परंतु त्या जोखमीचे उत्तर राजीनामा नव्हे. कास्टिंगची (ओतीव भागाची) नजरेने तपासणी, गेज लावून मापे घेणे, कोअर शॉपमधील (साच्यात ठेवायचे वाळूचे गाभे बनवण्याच्या खात्यातील) काम, स्टोअर यांपैकी कशालाही तीक्ष्ण कान लागत नाहीत. फोर्कलिफ्टला फिरता दिवा लावायला फार खर्चही नाही. शिवाय २६ वर्षे घण आणि ग्राइंडर चालवलेला माणूस कास्टिंगला हात लावताच ब्लो-होल (आत राहिलेली हवेची पोकळी) ओळखतो, असा तपासनीस मला शोधूनही मिळत नाही. (आमच्यातील काही मालकांना हे कळते, पण नवा मुलगा स्वस्तात मिळतो, हेही त्यांना कळते.)

तुम्ही तपासणी खात्यात बदलीचा अर्ज द्या व पोच घ्या. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनेलाही दिव्यांगांसाठी समान संधीचे धोरण तयार ठेवावे लागते. त्याची प्रत त्याच अर्जात मागा. ईएसआयचा लाभ महामंडळ देते, मालकाच्या खिशातून जात नाही, हेही व्यवस्थापकांच्या कानावर घाला. पुष्कळदा विरोध याच गैरसमजातून होतो.

मच्छे_वाचक:
सर्वांचे आभार. बाबा उद्या ईएसआयच्या दवाखान्यात जातील. बदलीचा अर्ज मराठीतून दिला तर चालेल का?

शहापूरचा_निवृत्त:
कारखान्याला चालेल, पण प्रकरण पुढे कामगार खात्याकडे गेले तर कन्नड किंवा इंग्रजी प्रत लागेल, म्हणून आताच कन्नडमधून द्या. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टाने पाठवा.