क्वेडलिनबुर्गची लाकडी चौकटीची घरं कशी पाहायची?

प्रश्न (ब्रह्मपुरी तालुका): जूनमध्ये जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्गला दोन दिवस आहेत. तिथली जुनी घरं आपल्या कुडाच्या घरांसारखी असतात म्हणतात, खरं का जी? नेमकं पाहायचं काय?

उत्तर: खरं आहे भाऊ. आपण बांबूच्या तट्ट्यावर माती-शेण लिंपतो. तिथं लाकडाच्या चौकटीत काड्या विणून माती-गवताचा गारा भरतात, वरून चुना. भार चौकट घेते, भिंत नाही. जोडाजवळ जाऊन पाहा: लोखंडी खिळ्याऐवजी लाकडी खुंटी. बाजूला रोमन आकड्यांसारख्या खाचा असल्या तर त्या सुताराच्या खुणा. चौकट आधी अंगणात जुळवत, खोलत, मग जागेवर उभी करत. कोणता खांब कुठला, हे त्या खाचांवरून कळे. यापेक्षा सुंदर गोष्ट त्या गावात नाही!

दुसरं उत्तर: वोर्टगासे (Wordgasse) या गल्लीतलं १३४६-४७ चं घर चुकवू नका, आत संग्रहालय आहे. त्याचे खांब जमिनीपासून छपरापर्यंत अखंड आहेत. नंतरच्या घरांत प्रत्येक मजल्याची चौकट वेगळी आणि वरचा मजला रस्त्यावर पुढे काढलेला. खालची भिंत पावसापासून वाचते. तुळईवर कोरलेलं साल वाचा.

अशी घरं सिमेंटने बिघडतात. सिमेंटच्या गिलाव्यामागे ओल अडकते आणि तळाची आडवी तुळई आधी कुजते. आपल्या मातीच्या भिंतींचंही तेच.

प्रश्नकर्ता: खाचा कोणत्या अंगाला शोधू?

उत्तर: रस्त्याकडच्या, खांबाला तिरपा आधार जुळतो तिथं. तिरप्या उन्हात ठळक दिसतात.