मदत हवी: कापूस खरेदीची बेरीज कमी येते, एरर मात्र काहीच नाही

पऱ्हाटी: शेतकरी कंपनीच्या सगळ्या केंद्रांच्या सीएसव्ही (साध्या मजकुरातले तक्ते) एकत्र करून गावनिहाय क्विंटल काढायचे आहेत. एआयकडून पांडाजची (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) स्क्रिप्ट लिहून घेतली. चालते, पण बेरीज काटापावत्यांपेक्षा कमी येते. त्यालाच विचारलं तर म्हणते स्क्रिप्ट बरोबर आहे. उद्या सभा आहे, लवकर सांगा.

तर्रीपोहे: किती फायली, किती ओळी, कोणत्या केंद्राचा आकडा कमी? स्क्रिप्ट कुठं आहे? नाडी न दाखवता औषध मागून राहिले राजेहो.

पऱ्हाटी: १४ फायली, सव्वा लाख ओळी. लॅपटॉप ४ जीबीचा. वजनाला टू न्यूमेरिक (मजकुराचा आकडा करणे), त्यात एरर्स कोअर्स, मग गावावर ग्रुपबाय (गावनिहाय गट) आणि सम (बेरीज). बस.

पेंग्विन_अकोला: ४ जीबीत विंडोज ठेवूच नका. लिनक्स टाका.

तर्रीपोहे: बेरजेचा न् विंडोजचा काय संबंध?

बोंडअळी: दोन ठिकाणी गळती आहे. कोअर्स म्हणजे जो आकडा वाचता येत नाही तो मुकाट रिकामा करणे. '१,२५०.५०' मधला स्वल्पविराम किंवा '१२.४० क्विं.' असलं काही आलं की वजन गेलं, आणि सम रिकाम्याला धरतच नाही. दुसरं, ग्रुपबाय गावाचा रकाना रिकामा असलेल्या ओळी आपोआप वगळतं. तिथं ड्रॉपएनए फॉल्स द्या, म्हणजे त्या ओळी राहतील.

आधी मोजा, मग दुरुस्त करा. डकडीबी या छोट्या डेटाबेसची एकच फाईल उतरवा, सर्व्हर लागत नाही. रीड सीएसव्हीला फोल्डरमधल्या सगळ्या फायली द्या. ऑल व्हारचार (सगळं मजकूर म्हणून वाचणे), युनियन बाय नेम (रकाने नावानं जुळवणे) आणि फाइलनेम (ओळ कोणत्या फाईलची ते दाखवणे) तिन्ही ट्रू. वजनावर ट्राय कास्ट डेसिमल (आकडा करून बघणे, नाही जमलं तर नल म्हणजे रिकामं) लावून जिथं नल येतो पण मूळ रकाना भरलेला आहे, अशा ओळी फाईलनिहाय मोजा. कोणत्या केंद्राची फाईल खराब आहे ते लगेच दिसेल.

एक्सेलभाऊ: सव्वा लाखाला डेटाबेस कायले? एक्सेलमध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात.

बोंडअळी: बसतात. पण सीएसव्ही थेट उघडली की गट नंबर १२/१ चा १२-जाने होतो, आणि सेव्ह केल्यावर मूळ नंबर परत मिळत नाही.

एक्सेलभाऊ: थेट उघडायची कोणी सांगितली? एक्सेलमधल्याच पॉवर क्वेरीतून आणा, रकान्यांचा प्रकार आपोआप बदलणारी 'चेंज्ड टाइप' ही पायरी खोडा. सगळं मजकूर म्हणूनच येतं.

बोंडअळी: हे मान्य.

जुना_टंकलेखक: गावांची नावं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोड करून घ्या.

पऱ्हाटी: युनिकोडच आहेत.

तर्रीपोहे: तरी कुऱ्हा हे गावाचं नाव बघा. 'ऱ' एका चिन्हाचा असतो, तसाच र आणि नुक्ता असा दोन चिन्हांचाही. दिसतो सारखा, पण ग्रुपबायला गावं दोन. एकूण बेरीज बदलत नाही, गावनिहाय यादी फुटते. डकडीबीत एनएफसी नॉर्मलाइझ लावा, ते दोन्ही रूपं एक करते.

नवखा_वाशिम: दुसऱ्या एआयला तपासायला द्या ना.

बोंडअळी: दुसऱ्यानंही कोअर्सच सुचवलं तर? 'बरोबर आहे का' हा प्रश्नच उपयोगाचा नाही. तीन ओळींची फाईल हातानं बनवा: एक स्वच्छ, एक स्वल्पविरामवाली, एक बिनगावाची. बेरीज कागदावर मांडा आणि मग स्क्रिप्ट चालवा. आणि खऱ्या फायली एआयमध्ये चिकटवू नका, त्यात आधार न् बँक खाते नंबर असतील.

पऱ्हाटी: तीन फायलींत 'क्विं.' निघालं. ते काढलं, गावाचंही केलं, तरी थोडा फरक उरतो. स्क्रिप्टमध्ये नाव आणि तारखेवर ड्रॉप डुप्लिकेट्स (दुबार ओळी काढणे) पण आहे, त्यानं काही होते का?

तर्रीपोहे: हे आता सांगता? एका शेतकऱ्याच्या एकाच दिवशी दोन गाड्या आल्या की दुसरी उडाली. ते केंद्र आणि पावती क्रमांक मिळून लावा. नुसता क्रमांक नको, प्रत्येक केंद्राचं पावतीपुस्तक १ पासून सुरू होत असेल.

नवखा_वाशिम: औंदा भाव काय देऊन राहिले तुमच्याकडं?