'सेंद्रिय प्रदूषक' म्हणावं का?

आफ्रिकेतल्या करिबा सरोवरातल्या डीडीटी या कीटकनाशकावर लेख लिहिते आहे. घातक रसायनांना आवर घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारातल्या अशा रसायनांना मराठीत 'दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषके' म्हटलेलं आढळतं. पण सेंद्रिय म्हटलं की वाचकाला शेणखत आणि बिनफवारणीची भाजी आठवते. शिवाय अन्नसाखळीत वर वर जाताना विष वाढतं, त्याला 'जैववर्धन' चालेल?

प्रतिसाद १
'सेंद्रिय' टाळाच. दहावीच्या पुस्तकात 'कार्बनी संयुगे' आहेत, तेव्हा 'कार्बनी प्रदूषक' कुणालाही कळेल. 'दीर्घस्थायी'च्या जागी मी 'चिवट' लिहीन. 'टिकाऊ' मात्र नको, तो कौतुकाचा शब्द आहे. डाग चिवट असतो, आजार चिवट असतो, आणि डीडीटी त्याच जातीचं. झांबेझी नदीवरचं करिबा धरण, ज्याचं हे सरोवर, ते १९५९ साली बांधून झालं. तिथे झिम्बाब्वेच्या बाजूला त्सेत्से माशी मारायला वर्षानुवर्षं डीडीटी फवारलं गेलं. ही माशी गुरांना नागाना नावाचा आजार आणि माणसांना निद्रारोग देते, त्यामुळे फवारणीची गरज खोटी नव्हती. पण डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत विरघळतं. ते गाळात बसतं, तिथून माशांच्या अंगात जातं. मोडलं तरी त्याचं डीडीई होतं, आणि तेही तितकंच चिवट! करिबातल्या टायगरफिशमध्ये, मत्स्यगरुडाच्या आणि मगरीच्या अंड्यांत ते सापडलं आहे. डीडीईमुळे शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचं कवच पातळ होतं.

'जैववर्धन' मला पटत नाही. वर्धन म्हणजे आपल्याला हवीशी वाढ. एका माशाच्या अंगात विष 'साठतं' आणि साखळीत ते 'चढतं', असं लिहा. साप चावला की विष चढतं हे आपण म्हणतोच.

प्रतिसाद २
चिवट, साठणं, चढणं, तिन्ही आवडले. एक भर: डीडीटीवर 'बंदी' असं सरसकट लिहू नका, 'निर्बंध' लिहा. मलेरियाचे डास मारण्यासाठी करारात सूट आहे. दक्षिण आफ्रिकेने १९९६ मध्ये डीडीटी थांबवलं. पर्यायी औषधांना डास दाद देईनात, मलेरिया उसळला, आणि २००० साली घरांच्या भिंतींवर पुन्हा डीडीटी आलं. आणखी एक गोष्ट लेखात यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. आफ्रिकी देशांना डीडीटी पुरवणाऱ्यांत आपली सरकारी हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स (आताचं नाव एचआयएल) होती, आणि तिचा एक कारखाना रायगड जिल्ह्यात, रसायनीला.