भेव वाटत होतं, तरी केलं – तुमचं काय? (अनुभव धागा)

तुतीवाला
काल रेशमाचे कोष घेऊन जालन्याला गेलतो. माझ्या पुढं एक तरुण नवरा-बायको होते, पहिलीच बॅच असावी. लिलाववाले त्यांच्या मालाजवळ आले अन् पोराच्या तोंडातून शब्दच फुटंना. शेवटी बायकोच पुढं होऊन बोलली. मला माझे दिवस आठवले.

मी कापूस मोडून तुती लावली तेव्हा जालन्याचा कोष बाजार नव्हता, तो 2018 ला सुरू झाला. त्याआधी माल न्यायचा तर रामनगरमला, बंगळूरच्याही पल्याड. बरं, कोष म्हणजे तूर नव्हं, की भाव नाही तर ठेवा घरात. थांबलं की आतला पतंग कोष फोडून बाहेर येतो, धागा तुटतो, माल गेला. भाषा येईना, भाव ठाऊक नाही, अन् माल थांबत नाही. पण खरं सांगू का, ह्या कशाचंच भेव नव्हतं. भेव होतं पारावरच्या लोकांचं. "रान चांगलं असून आळ्या पाळायलाय" हे ऐकून आईनं कीर्तनाला जायचं सोडलं होतं.

मी शेडमधीच झोपायचो. एक तर मुंग्या-पालींची राखण, अन् गावात तोंड दाखवावं लागत नव्हतं. चौथ्या मोल्टनंतर, म्हणजे चौथ्यांदा कात टाकल्यावर, आळ्या रात्रभर पाला खातात, त्याचा आवाज पत्र्यावर बारीक पाऊस पडल्यासारखा येतो. पहिल्या बॅचला ग्रासरी रोग लागला. निम्म्या आळ्या फुगून, पिवळ्या पडून फुटल्या. पारावर हसले लोक, मन भरून हसले. अन् मग त्यांच्याच सोयाबीनवर पिवळा मोझॅक रोग आला, माझा विषय बंद. दुसऱ्या बॅचला कुणी विचारलंबी नाही.

लिहा तुमचंही. शेतीचंच पाहिजे असं नाही.

गोदाकाठची
माझं स्कूटीचं आहे. कुकर लावलाय, आले.

हिंगोलीचा पाव्हणा
पिवळ्या पडल्यावर चुना मारला का नाही?

तुतीवाला
मारला. पण पावसाळ्यात हवा कोंडली अन् वरून ओला पाला गेला की चुना तरी काय करंल. रोगट आळ्या रोज वेचायच्या, चुन्याच्या पाण्यात टाकायच्या, लांब नेऊन पुरायच्या. कट्टाळा करू नका.

औशाचा
माझं नाही, वडिलांचं सांगतो. ते गवंडी. सगळी हयात दगड-मातीच्या रुंद भिंती अन् वर मातीचं धाबं, असंच बांधत आले. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीच्या भूकंपात तीच घरं माणसांवर बसली. पुढं पुनर्वसनाच्या कामाला गेले तर तिथं पोराच्या वयाचा इंजिनिअर ह्यांना शिकवूलालता – कोपऱ्यात दगड असा गुंतवा, भिंतीच्या आरपार जाईल असा लांब दगड मधून मधून घाला, दारं-खिडक्यांच्या वर सगळीकडून सळई-काँक्रीटचा पट्टा फिरवा. आजूबाजूची गावं ज्यांना विचारून पाया खांदायची, ते मिस्त्री वहीत चित्रं काढून घेऊलालते. लिहायला येत नव्हतं ना.

त्या पद्धतीचं पहिलं घर झालं अन् मालक पत्र्याच्या शेडातून हलंना. वर छत असलं की त्याला घाम फुटायचा. वडील म्हणाले, मी झोपतो आधी. मलाबी घेऊन गेले. मी रात्रभर छताकडं बघत पडलो, ते मात्र निवांत घोरूलालते. सकाळी मालकानं दारातून डोकावून बघितलं, आम्ही हाव का ते.

मांजराकाकू
अंगावर काटा आला रे बाळा. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. आम्हीही त्यानंतर कितीतरी महिने अंगणातच.

जर्मनीवाला परभणीकर
आमाला धाडस लागतच नाही. जगात जर्मनी, भारतात परभणी.

औशाचा
मे महिन्यात परभणीत राहणं हेच धाडस की ओ.

जर्मनीवाला परभणीकर
मान्य. आताबी ओलं उपरणं डोक्यावर घेऊन बसलोय.

सध्या पुण्यात
मी पोहायला शिकलो, चाळिशीत. मूळचा लातूरचा. हसू नका, विहिरीला पाणीच नसायचं तर शिकणार कुठं? 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते आठवत असेल सगळ्यांना. आम्ही तेव्हा आंघोळीचं पाणी टबात साठवून संडासला वापरायचो. तर इथं लेकीला क्लासला सोडायला गेलो अन् तिनंच माझं नाव घातलं. बॅचमध्ये सगळी सात-आठ वर्षांची पोरं, त्यात मी अन् माझं पोट. तो तलाव पहिल्यांदा पाहिला तेव्हा बुडायची भीती नंतर, आधी डोक्यात आलं – किती टँकर होतील? अजूनही खोल बाजूला जात नाही मी. पण पाठीवर तरंगता येतं. आईला व्हिडिओ पाठवला तर म्हणते, एवढं पाणी नुसतं पाय मारायला?

मांजराकाकू
आईचं बरोबरच आहे.

गोदाकाठची
आले. तर नांदेड. मुलगा लातूरला बारावीला, ह्यांची ड्युटी बाहेर, अन् सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिस. रिक्षावाले रोज वेगळाच आकडा सांगायचे. मुलाची स्कूटी दारात धूळ खात उभी. शेजारच्या पोरीकडून पहाटे शिकले, उजाडायच्या आत, म्हणजे कॉलनी बघायच्या आत. खरी पंचाईत पुढंच. सासूबाई मागं बसायला तयार नाहीत. "मारायचंच असंल तर घरीच मार, रस्त्यावर तमाशा कशाला." एकदा रिक्षांचा संप होता म्हणून बसल्या. दवाखान्यापर्यंत रामरक्षा, तीही मोठ्यानं, सिग्नलला लोक वळून बघत होते. आता मीच घाबरते, कारण त्या मागून सांगतात, "काढ की पुढं, किती जागा हाय!"
बाकी नंतर, गिरणीतून पीठ आणायचंय.

जर्मनीवाला परभणीकर
सासूबाईंना लायसन काढून द्या.

हॉटेल बंद
सगळे जमलेलंच लिहायलेत. माझं नाही जमलं. नोकरी सोडून हायवेला हॉटेल टाकलं, बीडच्या अलीकडं. धंदा बसत आला अन् बायपास झाला, गाड्या लांबूनच जायला लागल्या. कर्जाचा हप्ता अजून चालू. आता घरात "एक विचार आलाय" म्हणलं तरी सगळे उठून जातात.

मांजराकाकू
त्यात तुमचं काय चुकलं दादा.

हॉटेल बंद
काहीच नाही काकू. हप्त्याला ते कळत नाही.

तुतीवाला
दादा, रान हाय का? पाणी असंल तर एक एकर तुती बघा. रोजगार हमीतून लागवडीची मजुरी मिळती का ते विचारा. बेणं माझ्याकडून न्या, व्ही-1 जातीचं हाय.

हॉटेल बंद
अर्धा एकर हाय, बोअरचा भरवसा नाही. सध्या नको, खरंच. थोडं बसू द्या मला.

तुतीवाला
बसा. बेणं कुठं जात नाही.

हिंगोलीचा पाव्हणा
हॉटेलवाले दादा, फ्रीजचं काय केलं? डीप फ्रीज होता का?

हॉटेल बंद
हाय की, घरातच हाय. मोठा.

हिंगोलीचा पाव्हणा
द्यायचा का? कुल्फीचं डोक्यात हाय. घरी सांगितलं नाही अजून.

हॉटेल बंद
बघायला या. पण ऐतवार सोडून या. बायकोनं त्यात पापड, चिंच, शेजाऱ्याचं दही, सगळं भरून ठेवलंय, तिला आधी रिकामा करायला सांगावं लागंल. अन् ते मला सांगायचंय, त्याचंच टेन्शन हाय.