मदत हवी आहे: छोट्या बोटीवरचा व्हीएचएफ, ऑफकॉमची अट आणि बाबांचा पेसमेकर

मंडळी, नमस्कार. इथे बोटवाले कमी आहेत हे माहीत आहे, पण मर्चंट नेव्हीतली आणि रेडिओतली बरीच जण आहेत म्हणून विचारते.

आम्ही इंग्लंडमध्ये साउथॅम्प्टनजवळ राहतो. यंदा एक सहा मीटरची सेकंडहँड मोटरबोट घेतली, हॅम्बल नदीत उभी असते. तिच्यावर २५ वॅटचा फिक्स्ड व्हीएचएफ सेट (बोटीवरून बोलायचा रेडिओ) आहे, डीएससीवाला, म्हणजे बटण दाबून संकटाचा डिजिटल इशारा देणारा. सेट चालवायचं एसआरसी (शॉर्ट रेंज सर्टिफिकेट) माझ्याकडे आहे. परवाना मात्र जुन्या मालकाच्या नावावर होता, त्यामुळे ऑफकॉमकडून (रेडिओ परवाने देणारी इथली सरकारी संस्था) नवा काढायला बसले. फुकट आहे, ऑनलाइन होतो, सगळं सुरळीत. आणि मग ती ईएमएफची (विद्युतचुंबकीय लहरींची) अट. दहा वॅटपेक्षा जास्त ईआयआरपीने (सेटची ताकद गुणिले एरियलचा गेन) ट्रान्समिट करणार असाल, तर इक्निर्पच्या (लहरींच्या सुरक्षित मर्यादा ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) मर्यादेपेक्षा जास्त लहरी कुणा सामान्य माणसावर पडणार नाहीत हे मालकाने बघायचं आणि त्याचा हिशेब जपून ठेवायचा.

माझी अडचण एरियलच्या जागेची. शिडाच्या बोटीवर ते डोलकाठीच्या टोकाला असतं, प्रश्नच येत नाही. आमचं केबिनच्या छताच्या मागच्या कडेला आहे आणि मागच्या बाकावर बसलेल्याच्या डोक्यापासून जेमतेम एक मीटर. पुढच्या महिन्यात रत्नागिरीहून बाबा येतायत. त्यांना पेसमेकर आहे आणि समुद्र दिसला की त्यांना बाकावर बसायचंच असतं.

हा हिशेब घरी करता येतो का? एरियल हलवावं लागेल का? बोट विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, कोणी तपासत नाही. हे उत्तर मला नको आहे.

निवृत्त स्पार्क्स:
ताई, घरी करता येतो. ऑफकॉमचा तयार कॅल्क्युलेटर आहे, एक्सेलचा. पण आत काय चाललंय ते समजून घ्या, म्हणजे आकडे भरताना हात थरथरणार नाही.

सेट २५ वॅट देतो. साध्या अर्ध्या-तरंगाच्या एरियलचा गेन, म्हणजे एरियल ताकद एका दिशेला किती एकवटतं ते, २.१५ डीबीआय, म्हणजे गुणिले १.६४. झाले ४१ वॅट ईआयआरपी. केबलमध्ये थोडी शक्ती मरते, पण ती धरू नका, हिशेब सुरक्षित बाजूला राहतो. व्हीएचएफच्या पट्ट्यात जनतेसाठी मर्यादा आहे दर चौरस मीटरला २ वॅट. मोकळ्या हवेत ४१ वॅटला हे अंतर येतं साधारण १.३ मीटर. पाण्यावरून, डेकवरून परावर्तन होतं ते धरून १.६ ने गुणा, दोन मीटरच्या आसपास जातं. इथवर वाचून तुम्ही घाबराल. थांबा.

मर्यादा सरासरीवर आहे. इक्निर्पच्या १९९८ च्या तत्त्वांप्रमाणे सहा मिनिटांची सरासरी धरतात, २०२० च्या तत्त्वांत अख्ख्या शरीरासाठी तीस मिनिटांची. सेट चालू असणं म्हणजे ट्रान्समिट करणं नव्हे. बटण दाबून बोलता तेवढाच वेळ लहरी बाहेर पडतात, ऐकताना काहीच नाही. सहा मिनिटांत ३६ सेकंद बोललात तर दहा टक्के, आणि ते दोन मीटर उतरून ६५ सेंटीमीटरवर येतात. कोस्टगार्डशी रेडिओ चेक केला, मरीनाला चॅनल ८० वर जागा विचारली, एवढ्यात ३६ सेकंद कोण बोलतं? (माझ्या एका कॅप्टनचा अपवाद सोडून.)

दुसरं, सेटवर १ वॅटचं बटण असतं. १ वॅटला ईआयआरपी दहाच्या खूप खाली, अट लागूच होत नाही. नदीत आणि बंदरात तसंही १ वॅटवरच बोलायचं असतं, लोक विसरतात. हातातला पाच-सहा वॅटचा सेटही त्या आखूड एरियलमुळे दहाच्या आतच राहतो.

हर्णैकर:
आमच्याकडे कोकणात तांडेल (बोटीचा प्रमुख) एरियल हाताशीच बांधतो आणि दिवसभर गप्पा मारतो, कोणी मीटर धरलेला नाही. गंमत अशी की मोबाइल टॉवरसाठी भारतानं २०१२ पासून इक्निर्पच्या एकदशांश मर्यादा ठेवली. टॉवरवर एवढी कडक नजर आणि बोटीवर कुणाचंच लक्ष नाही. बाकी एक शंका: संकटात असताना पण हा हिशेब बघायचा काय?

निवृत्त स्पार्क्स:
नाही हो. आणीबाणीत ही अट लागू नाही. मेडे (जिवावरच्या संकटाची हाक) द्यायचा तर पूर्ण २५ वॅटवर, चॅनल १६ वर, आणि डीएससीचं लाल बटणही. तेव्हा अंतर मोजत बसायचं नाही.

बायदवे ताई, नियमात 'सामान्य माणूस' म्हणजे सेटचा मालक, चालवणारा किंवा बसवणारा सोडून बाकीचे. म्हणजे तुम्ही स्वतः मोजणीत नाही, पण बाबा आहेत, आणि पाँटूनवरून (तरत्या धक्क्यावरून) चालत जाणारा अनोळखी माणूसही आहे. मरीनात उभं राहून २५ वॅटवर लांबण लावू नका ते त्यासाठीच. आणि बोलत असताना एरियलला कुणी हात लावू नये. भाजतं. लहान मुलांना आधी सांगून ठेवा.

कॅथलॅबवाली:
पेसमेकरबद्दल एक महत्त्वाचं. इक्निर्पची मर्यादा शरीराला होणाऱ्या परिणामांसाठी आहे. वैद्यकीय उपकरणांत होणारा व्यत्यय तिने धरलेला नाही. त्यामुळे कागदावरचे ६५ सेंटीमीटर बाबांना तसेच लावू नका. कंपन्या ट्रान्समीटरच्या ताकदीप्रमाणे किमान अंतर देतात आणि ते एरियलपासून पेसमेकरपर्यंत मोजायचं असतं, डोक्यापर्यंत नाही. बाबांच्या पाकिटात आयडी कार्ड असेल, त्यावर मॉडेल असतं. त्याचा फोटो आणि 'बोटीवर २५ वॅट व्हीएचएफ' एवढं त्यांच्या क्लिनिकला निघण्याआधीच पाठवा. हातातला सेट त्यांच्या छातीच्या खिशात किंवा लाइफजॅकेटला त्या बाजूला अडकवू नका. चक्कर किंवा धडधड वाटली तर बोलणं बंद करून त्यांना एरियलपासून लांब बसवायचं.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. हिशेब दोन्ही प्रकारे करून प्रिंट बोटीच्या फायलीत लावला. बाबांना कार्डाचा फोटो मागितला तर त्यांनी एलआयसीच्या पावतीचा पाठवला, आता भावाला सांगितलंय. एरियल तरीही उचलणार आहे, छतावर एक मीटरचा दांडा लावून. सेटमध्ये जुनाच एमएमएसआय नंबर (बोटीचा रेडिओवरचा ओळख क्रमांक) आहे, त्याचं काय? आणि दांडा स्टेनलेसचा की फायबरचा?

निवृत्त स्पार्क्स:
नंबरला हात लावू नका, बहुतेक सेटमध्ये तो एकदाच टाकता येतो. परवान्याच्या अर्जात तोच लिहा, म्हणजे तुम्ही लाल बटण दाबल्यावर कोस्टगार्डचा फोन जुन्या मालकाला जाणार नाही. दांडा फायबरचा चालेल, हलका असतो. उंची वाढली की रेंजही वाढते, ते वर फुकट. फक्त केबलला मध्ये जोड देऊ नका, एकसंध नवी ओढा. जोडात खारं पाणी शिरलं की सेट २५ वॅट दाखवतो आणि वर पाचही पोचत नाहीत. हॅम्बलवर कुठला पूल वगैरे मध्ये येत असेल तर दांडा मागे पाडता येईल असा बिजागरीचा पाया घ्या.