१९०१ सालच्या प्रदर्शनातली लुटुपुटूची लढाई फिल्मवर, यातलं खरं किती धरायचं?

पट्टेकरी_शिवाजीपेठ
मंडळी, एडिसन कंपनीची १९०१ ची एक मूक फिल्म बघितली, अमेरिकेत बफेलो शहरात मोठं प्रदर्शन भरलेलं, तिथं मूळ रहिवासी आणि सरकारी पलटण यांच्यात लुटुपुटूची लढाई लावलेली. मी पोरांना लाठी नि दांडपट्टा शिकवतो, त्यामुळं नजर पहिली पायांवर जाते, पण माणसं इतकी भराभरा पळतायत की पवित्रा कळेना. असल्या फिल्मवरनं लढायची पद्धत समजते का? आणि इतकी जुनी रीळ टिकली कशी?

रंकाळाकाठी
वेगावर अजिबात जाऊ नका. तेव्हा कॅमेरा हातानं हँडल फिरवून चालायचा, सेकंदाला साधारण १६ फ्रेम, आणि तेच आज २४ नं लावलं की चालणारा माणूसबी पळतोय असं वाटतं. स्पीड कमी करून बघा. पद्धत म्हणाल तर ती बघणाऱ्यांना दिसावी म्हणून बसवलेली, त्यावरनं डाव शिकू नये. पण माणसं खरी होती, आणि मला तेच लागतं. त्याच प्रदर्शनात जेरोनिमोलाबी आणलेलं, अपाची या तिथल्या मूळ जमातीचा म्होरक्या, १८८६ पासनं सरकारचा युद्धकैदी. ज्यांचा मुलूख गेला त्यांनाच लोकांपुढं परत लढायला लावायचं, फार वाईट वाटतं बघताना. १९०४ ला सेंट लुईसच्या प्रदर्शनात बोअर युद्धाचा, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत इंग्रज नि डच वंशाचे बोअर यांच्यात झालेल्या लढाईचा खेळ होता, त्यात तर बोअरांचा जनरल क्रोन्ये १९०० ला तिथल्या पार्डेबर्गला इंग्रजांना जसा शरण गेला तोच प्रसंग स्वतः करून दाखवायचा.

जुनी_रिळं
टिकली ती कागदामुळं. १९१२ पर्यंत तिकडं सिनेमाला वेगळा कॉपीराइट नव्हता, फोटोला होता, म्हणून कंपन्या अख्खी फिल्म कागदाच्या पट्टीवर छापून लायब्ररी ऑफ काँग्रेस या तिकडच्या सरकारी ग्रंथालयात जमा करायच्या. नायट्रेटची रीळ पेट घेते, कुजते, कागद मात्र राहिला आणि पुढं त्यावरनंच परत फिल्म काढली. अजून एक, १९०० ला एडिसननं बोअर युद्धाच्या फिल्म चक्क न्यू जर्सीत घेतल्या. प्रदर्शनातली लढाई खोटी आहे हे समोरच्या प्रेक्षकाला माहीत होतं, दूर कुठंतरी पडद्यावर युद्ध बघणाऱ्याला ते कसं कळणार? हा फरक धरूनच बघा.

पंचगंगेकर
आपल्याकडं बाबूराव पेंटरांनी १९२३ ला 'सिंहगड' केला, महाराष्ट्र फिल्म कंपनीत, त्याआधी कॅमेरासुद्धा कोल्हापुरातच स्वतः बनवलेला. तानाजीची लढाई आपल्या माणसांनी कशी उभी केली ते बघायला मी काहीही देईन, पण ती फिल्म आज नाही. आपल्याकडं कागदावर कोण छापून ठेवणार होतं!

पट्टेकरी_शिवाजीपेठ
हे वाचून पोटात गोळा आला राव. आमच्या वस्तादांच्या खेळाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट कपाटात पडून हायत.

जुनी_रिळं
मग आधी त्या बाहेर काढा. बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालू नका, टेप खराब होते नि हेडबी. जाणकाराकडनं साफ करून डिजिटल करा, दोन कॉपी दोन वेगळ्या घरात ठेवा, आणि वस्ताद शेजारी बसवून कुठला डाव, कोण खेळतंय, कुठलं साल हे लिहून घ्या.